चौदा नंबर वगळून

शाळेची पेटी उघडली तेव्हा सकाळचे नऊ वीस झाले होते आणि मी तिथे असायला नको होतं. मतमोजणीच्या दिवशी उमेदवारानं दुपारपर्यंत घरी बसायचं, अंडी खायची, बायकोच्या बोलण्याला हं म्हणायचं आणि आपल्या माणसांनी फोन करून 'ये आता' म्हटलं की इस्त्रीचा कोट चढवून कॅमेऱ्यांकडे बघत आत शिरायचं, असा आमच्या कॉर्कमधला शिरस्ता आहे. आधी येणारा उमेदवार म्हणजे लग्नाच्या मुदपाकखान्यात डोकावणारा नवरदेव. सव्वीस वर्षं, सात निवडणुका मी हा शिरस्ता पाळला. आठव्या खेपेला घरात बसवेना. म्हणून जुनी टोपी घालून बाजूच्या दारानं सभागृहात शिरलो आणि डेनी फोर्डच्या पाठीमागे उभा राहिलो. डेनी माझ्याच आळीतला, नऊ नंबरचा, धंद्यानं बेकरीवाला. दर निवडणुकीला सुट्टी काढून तो कठड्याला पोट टेकून मतं टिपतो. कठड्यापलीकडे सरकारी माणसं एकेक मतपत्रिका उलगडून सरळ करतात, अलीकडे सगळ्या पक्षांचे टॅलीवाले पेन्सिली घेऊन रेघा ओढतात. वर्षभर एकमेकांच्या मयतालाही लांबून जाणारी ही माणसं त्या एका सकाळी तक्ता वाटून घेतात, रबरसुद्धा. शाळेची पेटी ही माझी पेटी. तिथे माझी आळी मत देते. मागच्या वेळी चारशे अकरापैकी दोनशे अडुसष्ट जणांनी माझ्या नावासमोर एक घातला होता. आमच्याकडे फुली नसते, पसंतीचे आकडे असतात. एक म्हणजे एक. दोन म्हणजे लग्नाला आला, पण जेवायला थांबला नाही.

पत्रिकेवर नावं वर्णानुक्रमानं असतात. माझं, कॉटर, सगळ्यात वर. त्याच्या खाली लगेच ओर्ला क्राउलीचं. ती माझ्याच पक्षाची दुसरी उमेदवार, चौतीस वर्षांची वकील, दात चांगले. पहिल्या पत्रिकेवर ओर्लाला एक आणि मला दोन होता. दुसरीवर तेच. तिसरीवर कोणीतरी शिवी लिहिली होती, ती बाद. चौथी, पाचवी, सहावी पुन्हा तीच. डेनीची पेन्सिल माझ्या रकान्यावरून एक ओळ खाली घसरत होती, आणि तिला आता वळण पडल्यासारखं झालं होतं. मी हातात गरम चहाचा कागदी पेला धरला होता. तो गरम आहे हे मला बऱ्याच वेळानं कळलं. पेटी संपली तेव्हा डेनीनं बेरीज केली: क्राउली दोनशे एकोणचाळीस, कॉटर एकसष्ट.

माणसं मी नावानं लक्षात ठेवत नाही, कामानं ठेवतो. राजकारणात तीच एक वही, आणि ती कागदावर नसते. नऊ नंबर: आईला आठ दिवसांत हॉस्पिटलची खाट. अकरा नंबर, मिसेस लूसी: खुब्याचं ऑपरेशन, दोन वर्षांची रांग सहा आठवड्यांवर. सतरा: मुलीचा पासपोर्ट, शुक्रवारी संध्याकाळी, विमान शनिवारी. बावीस: दारासमोरचा दिवा, जो आता बेडरूममध्ये उजेड पाडतो म्हणून तो काढण्याचा अर्जही माझ्याकडेच. याशिवाय मयतं. सव्वीस वर्षांत मी चौदाशे मयतांना गेलो असेन. अशा काही शवपेट्यांना खांदा दिला की आतल्या माणसाशी माझी ओळख फक्त त्याच्या गटाराच्या तक्रारीपुरती होती. आणि आता त्या वहीतलं एकेक घर माझ्यासमोर दार लावून घेत होतं. कोण असेल त्या एकसष्टांतलं? मी स्वतः, गोरेटी, म्हणजे माझी बायको, आणि बाकीचे एकोणसाठ कोण? परवाच सतरा नंबरवाली बागेच्या फाटकावर मला म्हणाली होती, "तुझं काय रे मर्टी, तू तर पक्का." मी हसलो होतो. बावीस नंबरवालीही तेच म्हणाली होती. कसायाकडे, चर्चच्या पायऱ्यांवर, न्हाव्याकडे, सगळीकडे एकच शब्द: पक्का. हा शब्द ऐकून ज्याच्या पोटात गोळा येत नाही तो राजकारणी नव्हे. मला आला नाही. वय झालं की माणसाला कौतुक पचायला लागतं.

खरं तर गोळा यायला हवा होता, कारण हा शब्द मी स्वतः वापरला होता, आणि तो मला कॉन लेहननं शिकवला होता. माझ्या आधी इथे जेरी बकली खासदार होता. एकवीस वर्षं डॉइलमध्ये, म्हणजे डब्लिनच्या संसदेत बसला, तिथे चार वेळा बोलला, पण टेकडीवरच्या प्रत्येक कुत्र्याचं नाव त्याला ठाऊक होतं. मी तेव्हा त्याच्याबरोबरचा दुसरा उमेदवार, केस काळे आणि बूट नवीन. कॉन पोस्टात होता. ज्याला सगळ्यांचे पत्ते ठाऊक असतात त्याला अर्धं राजकारण फुकट मिळतं. तो मला म्हणाला, "जेरीविरुद्ध एक अक्षर बोलू नकोस. प्रत्येक दारात त्याची स्तुती कर आणि निघताना म्हण, तो तर पक्का आहे, काळजी आहे ती माझी." मी तसंच म्हटलं, अकराशे दारांत. जेरी पडला. निकालाच्या संध्याकाळी त्यानं माझा हात हातात घेतला, बराच वेळ सोडला नाही आणि म्हणाला, "पोरा, माझ्याबद्दल किती चांगलं बोललास तू. सगळे सांगत होते." तेव्हा मला वाटलं होतं की म्हाताऱ्याला काही समजलेलं नाही. कठड्याशी उभं राहून मला त्याच्या हाताची पकड पुन्हा जाणवली. ती आभाराची नव्हती. आपल्या मारेकऱ्याचा हात ओळखीचा असावा म्हणून माणूस तो चाचपून बघतो, तशी होती.

"आलास होय," डेनी मागे न वळता म्हणाला. बेकरीवाल्याला पाठीमागची ऊब कळते. "टोपी चांगली आहे. मिशी पण लावायची."

"काय चाललंय हे, डेनी?"

"तू सांगितलंस तसंच चाललंय. आळीनं अगदी कवायत केली. चर्चमध्येसुद्धा इतके एका सुरात गात नाहीत कधी." आणि त्यानं खिशातून एक पत्र काढून माझ्या हातात दिलं. घडीवर पिठाचं बोट उमटलेलं होतं.

माझाच कागद होता. वर हिरव्या अक्षरांत माझं नाव, ऑफिसचा पत्ता, क्लिनिकच्या वेळा. शनिवारी लोक अडचणी घेऊन येतात त्या बैठकीला आमच्याकडे क्लिनिकच म्हणतात, आणि बरं कोणी होत नाही या बाबतीतही ते दवाखान्यासारखंच असतं. खाली माझी सही. छापील नव्हे, खरी, शाईची, डावीकडे कललेला एम. मधे लिहिलं होतं: 'प्रिय शेजारी, इतकी वर्षं आपण माझ्या नावासमोर एक घातलात. या वेळी एक मागणं आहे, आणि ते मला जड जातंय. माझी जागा पक्की आहे, ओर्लाची नाही. आपला एक तिला द्या, दोन मला. आपली पेन्सिल थांबेल, मला ठाऊक आहे. तरी एवढं कराच. आपला, मर्टी.'

मी हे पत्र लिहिलं नव्हतं. मी वाचत असताना डेनी कागदाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होता. सव्वीस वर्षांत तोंडाला जी सवय लागते ती अशा वेळी कामाला येते. मी पत्राची घडी केली, त्याला परत दिलं आणि म्हणालो, "छान. नीट केलंत."

"नीट म्हणजे काय," डेनी म्हणाला आणि पुढच्या पेटीकडे वळला.

सही माझीच होती, कारण सह्या मी आधीच करून ठेवत असे. दर मंगळवारी डब्लिनच्या गाडीत बसलो की मांडीवर कोऱ्या कागदांचा गठ्ठा घ्यायचा. मॅलोपर्यंत शंभर, थर्ल्सपर्यंत दोनशे. मग डोळे मिटायचे. गठ्ठा शुक्रवारी कॉनकडे जायचा आणि आठवडाभर तो सह्यांच्या वरची जागा भरत राहायचा: आपल्या आईच्या निधनाबद्दल कळून वाईट वाटलं; आपल्या अर्जाबाबत मी मंत्रिमहोदयांशी बोललो आहे; आपल्या मुलाचं अभिनंदन. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून कॉन माझं ऑफिस होता. सगळेच असं करतात, निदान ज्यांना निवडून यायचं असतं ते. गोरेटीची आई गेली तेव्हा कॉनच्या यादीप्रमाणे गोरेटीलाही पत्र गेलं. 'या दुःखात मी आपला सहभागी आहे. काही अडचण असल्यास शनिवारी क्लिनिकमध्ये अवश्य भेटा.' त्या शनिवारी मी पुढचं कोण म्हणून दार उघडलं, तर रांगेत गोरेटी बसली होती, हातमोजे घालून, मांडीवर पर्स. तिच्या आधीच्या चौघांचा नंबर तिनं जाऊ दिला होता. मी म्हटलं, "हे काय?" ती म्हणाली, "पत्रात बोलावलं होतंस ना?" आत येऊन ती अर्जदारांच्या खुर्चीवर बसली आणि तिच्या आईचं थडगं कुठे घ्यायचं याबद्दल दहा मिनिटं बोलली, आणि मी खरोखरच कागदावर टिपून घेत होतो. तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं. डॉइलच्या बारमध्ये मी ते सांगतही असे. आज सभागृहात त्या चौघांना पुढे सोडणारी गोरेटी आठवली आणि हसू येईना.

कॉन भिंतीजवळच्या टेबलाशी बसला होता. पुढे थर्मास, हॅमची सँडविचं, आणि पेट्यांचे आकडे. शहाऐंशी पेट्या, त्यांतल्या टेकडीवरच्या अकरा पेट्या ओर्लाच्या बाजूला झुकलेल्या. मला बघून त्यानं खुर्ची सरकवली. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. बेरीज चुकलेल्या माणसाचा वैताग होता.

"पत्र वाचलं," मी म्हणालो.

"वाचणारच. साडेतीनशे घरांत टाकायला हवं होतं, साडेनऊशे घरांत गेलं. वाटणाऱ्या पोरांनी सबंध टेकडी केली. मी तीन पेट्या म्हटलं होतं." त्यानं एका आकड्याभोवती गोल काढला. "तीन पेट्यांनी तुझं काही बिघडलं नसतं. दोघं निवडून येत होतात."

"माझ्या सहीनं."

"दुसऱ्या कुणाच्या सहीचं ऐकलं असतं त्यांनी?"

"मला विचारलं नाहीस, कॉन."

"विचारलं. सप्टेंबरात, फलक लावले त्या दिवशी. तू म्हणालास, पोरीला दोन हजार मतं दिली तरी मला कळायचं नाही. सगळ्यांसमोर म्हणालास. तिसरा पेला होता."

हे खरं होतं. तिसरा पेला होता आणि ओर्ला ऐकत होती. तरी मी विचारलं, "माझ्या घरी का नाही आलं पत्र? आळीत सगळ्यांना आलं. तेरा, पंधरा. चौदाला नाही."

कॉननं थर्मासचं झाकण फिरवलं, पुन्हा लावलं. "चौदा नंबर वगळायला मी सांगितलं होतं," तो म्हणाला. आणि मग, जसं पोस्टाच्या खिडकीतून तो वर्षानुवर्षं लोकांना सांगत आला असेल की तुमचं पाकीट आलेलं नाही, त्याच आवाजात: "ओर्लाला जानेवारीपासून ऑफिस लागेल. तिनं मला ऑगस्टमध्ये विचारलं. मी हो म्हटलं. तुझं वय आता एकसष्ट आहे मर्टी, ही तुझी शेवटचीच निवडणूक होती. मी तुला पाडायला नव्हतो निघालो. तुझ्यानंतरची सोय बघत होतो."

तीस वर्षांत या माणसानं मला कधी 'तुझ्यानंतर' असा शब्द ऐकवला नव्हता. एखाद्याच्या मयताचा खड्डा तो जिवंत असताना मोजून घ्यावा, आणि तोही त्याच्याच फावड्यानं, तसं हे. मी म्हटलं, आत्ता तिकडे जातो, निवडणूक अधिकाऱ्याला सांगतो, वर्तमानपत्रवाल्यांना सांगतो की हे पत्र माझं नाही.

"सांग," कॉन म्हणाला. "मग विचारतील, सही कुणाची? तू म्हणशील, माझीच. मग कागद कोरा होता का? हो. किती वर्षं असे कोरे कागद? मिसेस लूसीकडे तुझं खुब्याचं पत्र भिंतीवर आहे, काचेच्या चौकटीत, येशूच्या शेजारी. सतरा नंबरची बाई तिच्या नवऱ्याच्या मयताचं पत्र प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवते. त्यांना काय सांगशील? की तुमचा नवरा गेला तेव्हा मी थर्ल्सला झोपलो होतो?" त्यानं सँडविचचा कागद माझ्याकडे सरकवला. "जागा जाते मर्टी. दुसरं काहीतरी राहू दे."

मी सँडविच घेतलं. का घेतलं मला माहीत नाही. पावाला मोहरी जास्त लागली होती. तिथे टेबलाच्या कोपऱ्याशी उभा राहून मी ते सगळं खाल्लं, आणि खाता खाता माझ्या लक्षात आलं की मी गप्प राहायचं ठरवलेलं आहे.

त्यानंतरचा दिवस म्हणजे फेऱ्या. कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, नऊ हजार एकशेदहा. ओर्ला पहिल्याच फेरीत कोट्याच्या वर गेली, जेमतेम एकशेचाळीसनं. कोट्यावरची मतंच दुसऱ्या पसंतीकडे जातात, म्हणजे तिच्याकडून माझ्याकडे परत येणार ती एवढीच. बाकीची नऊ हजार तिच्या गठ्ठ्यात रबरबँड लावून पडून राहिली, आणि त्यांच्यात माझ्या आळीचे सगळे दोन. टेकडीवरच्या प्रत्येक घरानं मला मनापासून घातलेला दोन, जो आता कुणी वाचणार नव्हतं. दुपारी गोरेटी आली, माझ्याशेजारी बसली, आकड्यांकडे न बघता माझ्या टोपीकडे बघत म्हणाली, "ही कुठून काढलीस?" सहाव्या फेरीला मी चौथ्या, शेवटच्या जागेसाठी एका अपक्ष टॅक्सीवाल्याशी झुंजत होतो. सातव्या फेरीला दोनशे बारा मतांनी पडलो. बाहेर अजून उजेड होता.

ओर्लाला तिच्या माणसांनी खांद्यावर घेतलं. खाली उतरल्यावर ती सरळ माझ्याकडे आली. तिचे डोळे खरोखर ओले होते. ते खोटे असते तर मला बरं वाटलं असतं. माइक हातात होता, तो तिनं खाली केला नाही. "मर्टी, तुमचं पत्र मी पाठ केलंय. स्वतःच्या दारातली मतं कोणी असं दुसऱ्याला देत नाही. मला सांगितलंही नाहीत तुम्ही." सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. विरोधी पक्षाचे टॅलीवाले, सरकारी मोजणारे, टॅक्सीवाला, सगळे. माझ्या एकाही विजयाला इतक्या टाळ्या पडल्या नव्हत्या. मी कॉनकडे बघितलं. तोही वाजवत होता, जरा हळू, शिस्तीत, तक्ता काखेत धरून. मी ओर्लाचा हात हातात घेतला आणि जेरी बकलीनं किती वेळ धरला होता ते आठवून तेवढा वेळ धरला. तिला काही कळलं नाही. मलाही तेव्हा कळलं नव्हतं. मग मी भाषण केलं. पक्षापेक्षा कोणी मोठा नाही, असं काहीतरी म्हणालो. माझी भाषणंही कॉनच लिहायचा. हे पहिलं मी स्वतः केलेलं, आणि ते वाईट नव्हतं.

घरी आलो तर आळीनं दार धरलं होतं. आमच्याकडे पडलेल्या उमेदवाराच्या घरी लोक मयताला येतात तसेच येतात, हातात काहीतरी झाकून घेऊन. हॅम आलं, सोडा ब्रेड आला, फोर्डच्या बेकरीचा फ्रूटकेक आला. प्रत्येकजण ओठ आवळून माझा दंड दाबत होता आणि प्रत्येकाच्या नजरेत थोडासा अभिमानही होता, की आम्ही सांगितलं तसं केलं. मी एकेकाचे आभार मानत होतो. आतून काहीतरी ओरडत होतं, की तुम्ही मला मारलंत, आणि तोंड म्हणत होतं, चहा घेणार ना? बावीस नंबरवाली म्हणाली, "दिव्याचं आता कुणाला सांगू?" मी म्हटलं, कॉनला सांगा. ती म्हणाली, "ते आहेच."

सगळे गेल्यावर मिसेस लूसी उरली. ब्याऐंशी वर्षांची बाई, हातात सफरचंदाचा टार्ट, तो ती कुणाकडे देतच नव्हती. मी दारापर्यंत तिला सोडायला गेलो. उंबऱ्यावर ती थांबली.

"मर्टी बाळा, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा."

"ते पत्र तू स्वतः लिहिलंस का?"

मला चौकटीतलं पत्र दिसलं, येशूच्या शेजारी. तिच्या खुब्याबद्दल मी खरं तर कधी कुणाशी बोललो होतो की तेही कॉननंच केलं, हे मला आठवेना. मी म्हणालो, "हो. टेबलाशी बसून लिहिलं. तुमचं पत्र लिहिताना तर दोनदा थांबलो."

तिनं श्वास सोडला आणि टार्ट माझ्या हातात दिला. "मग सुटले बाई मी. मला शंका होती, कॉनचं असणार म्हणून. तुझी पत्रं तोच लिहितो ना."

"कोण म्हणालं?"

"म्हणायचं काय त्यात? सगळ्या आळीला ठाऊक आहे. खुब्याच्या पत्रात त्यानं डावा लिहिला होता, माझा उजवा. पण काम झालं ना, मग कशाला बोलायचं? तुला वाईट वाटलं असतं." तिनं माझ्या कोटावरचा एक कण झटकला. "पण परवा शाळेत पेन्सिल हातात घेतली आणि हात थांबला रे. म्हटलं, हे मर्टीचं नसलं तर? तुझ्याकडे यायला निघाले होते विचारायला, शाळेच्या दारापर्यंत गेले, तर डेनी म्हणाला, तो दमलेला असेल, कशाला त्रास देता. मग घातला तिला. तेव्हापासून जेवण गेलं नव्हतं मला. सतरावाली, बावीसवाली, सगळ्या म्हणत होत्या की कॉनचंच, डेनीनं तर पैज लावली माझ्याशी. मी एकटी म्हणत होते की नाही, एवढं मोठं मागणं मर्टी स्वतः मागेल."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिनं हातानं थांबवलं. जिवावरचं ओझं उतरलेली माणसं घाईत असतात. काठी टेकत ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि नऊ नंबरची बेल वाजवली. दार उघडलं. माझ्या हातात टार्ट होता, बशी अजून गरम होती, आणि तिचा आवाज सबंध आळीत ऐकू आला.

"हरलास डेनी. त्याचंच होतं."